दार उघडल्याचा आनंद : एक पुनर्विचार

आदिलाबाद जिल्ह्याच्या सीमेवर पैनगंगा वाहते. अलीकडे तेलंगण, पलीकडे यवतमाळ. बेला, जैनथ, तलमडगू या भागांतील कित्येक कुटुंबांत घरची भाषा मराठी, शाळेची आणि कचेरीची तेलुगू, बाजारात उर्दूची सरमिसळ, आणि उटनूर-नारनूरच्या वाटेस लागले की कानांवर गोंडी व कोलामी येऊ लागते. अशा मुलखातील माणसाने एखाद्या नव्या उपकरणाविषयी मत बनवावयाचे झाले, तर त्याचा पहिला प्रश्न असा असतो, की यात माझे अक्षर उमटते काय? एकादशीच्या कीर्तनाची वर्दी पूर्वी देवळाच्या फळ्यावर खडूने लिहिली जाई. आता ती मोबाइलवर फिरते. फळ्यावर कोणते अक्षर काढावे हे खडू कधी ठरवीत नसे. मोबाइल ते ठरवितो.

ही गोष्ट मनात ठेवून आम्ही एका जुन्या वादाकडे पुन्हा वळलो आहोत. अमेरिकेतील ॲपल कंपनीने आपला आयफोन बाहेरच्या कारागिरांना, म्हणजे कंपनीचे नोकर नसलेल्या ॲप बनविणाऱ्यांना, खुला केला, तेव्हा जगभर मोठा जयघोष झाला आणि थोडा निषेधही झाला. तो जयघोष आणि तो निषेध आज चाळून पाहिला असता दोन्ही पक्षांचे बरेचसे म्हणणे खरे होते, असे दिसते. आणि तरीही दोन्ही पक्षांच्या हातून मुख्य गोष्ट निसटली, असे आमचे मत झाले आहे.

प्रथम घटनाक्रम थोडक्यात सांगितला पाहिजे. आयफोन ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे प्रथम दाखविण्यात आला आणि २९ जून २००७ पासून अमेरिकेत विकला जाऊ लागला. त्या वेळी त्यात जे होते ते सारे कंपनीचेच. बाहेरच्यांची ॲप आत येऊ दिली, तर एखाद्या बिघडलेल्या ॲपपायी टेलिफोनचे जाळेच कोसळेल, अशी भीती कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी बोलून दाखविली होती. जून २००७ च्या परिषदेत त्यांनी बाहेरच्यांना सांगितले, की तुम्ही वेबपाने तयार करा, ती फोनच्या ब्राउझरमध्ये चालतील. पंगतीला बोलावून ओसरीवर पान वाढावे, तसा हा प्रकार होता, आणि पाहुण्यांनी तो तसाच घेतला. उन्हाळा संपण्यापूर्वीच हिकमती तरुणांनी फोनचे कुलूप फोडून आपली ॲप आत घातली. या उद्योगाला ‘जेलब्रेक’ असे नावही पडले. अखेर १७ ऑक्टोबर २००७ रोजी जॉब्ज यांनी पत्रक काढून दार उघडण्याचे वचन दिले. ६ मार्च २००८ रोजी ॲप बनविण्याची साधने जाहीर झाली. पहिल्या चार दिवसांतच ती १ लाखाहून अधिक वेळा उतरवून घेतली गेली. १० जुलै २००८ रोजी ॲप स्टोअर हे दुकान सुमारे ५०० ॲपांनिशी सुरू झाले आणि पहिल्या शनिवार-रविवारअखेर १ कोटी ॲप लोकांनी उतरवून घेतली.

जयघोष करणाऱ्यांचा पक्ष समजण्यास सोपा आहे. क्लायनर पर्किन्स या गुंतवणूकदार संस्थेने आयफोनची ॲप करणाऱ्यांसाठी १० कोटी डॉलरचा निधी त्याच मार्चमध्ये जाहीर केला. घरच्या खोलीत बसून ॲप लिहिणाऱ्या एकट्या माणसाला मोठ्या कंपनीच्या शेजारी मांडणी मिळणार होती. माल वाहून नेणे नको, दुकानदाराची मनधरणी नको. किमतीतील शेकडा ७० वाटा त्याचा, ३० कंपनीचा. टेलिफोन कंपन्यांमार्फत ॲप विकताना याहून फार कमी पदरी पडे, असे तेव्हाचे अनुभवी लोक सांगत, आणि त्यांच्या आनंदाला ते कारण पुरेसे होते. आदिलाबादच्या कापूस बाजारात मात्र शेकडा ३० अडत कोणी मागितली असती, तर त्या अडत्याच्या दारात दुसऱ्या दिवशी एकही बैलगाडी उभी राहिली नसती. शेतकऱ्याला दुसरा अडत्या असतो. आयफोनच्या कारागिराला दुसरे दुकान नव्हते.

निषेधाचा पक्ष अधिक विचारी होता. जोनाथन झिट्रेन या कायद्याच्या अभ्यासकाने २००८ मध्येच इंटरनेटच्या भविष्यावर पुस्तक लिहून सांगितले, की १९७७ चा ॲपल टू हा संगणक विकत घेणाऱ्याच्या स्वाधीन होता, त्यात वाटेल त्याने वाटेल ते करावे. आयफोन मात्र विकल्यानंतरही कंपनीच्या दावणीला बांधलेलाच राहतो. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने तर आयफोन घेऊच नये, असे आवाहन केले. पुढच्या घटनांनी या मंडळींची साक्ष दिली. साधने घेणाऱ्या कारागिरांवर गुप्ततेचा करार इतका कडक होता, की एकमेकांच्या अडचणी त्यांना उघडपणे विचारता येत नसत; ती अट ऑक्टोबर २००८ मध्ये उठली. कोणते ॲप घ्यावे आणि कोणते परत पाठवावे याचे नियम लेखी स्वरूपात प्रसिद्ध व्हावयास सप्टेंबर २०१० उजाडला. दोन वर्षांहून अधिक काळ परीक्षा होत होती आणि अभ्यासक्रम छापलेलाच नव्हता! ‘आय ॲम रिच’ नावाचे, काहीही न करणारे आणि ९९९.९९ डॉलर किमतीचे ॲप ऑगस्ट २००८ मध्ये आत गेले व विकलेही गेले, मग काढून टाकण्यात आले. मार्क फिओर या व्यंगचित्रकाराचे ॲप मात्र थोर पदस्थांची थट्टा करते म्हणून नाकारले गेले, आणि २०१० मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाल्यावर पुन्हा अर्ज करण्याचा निरोप गेला. पारितोषिक मिळण्यापूर्वी आणि मिळाल्यानंतर चित्रे तीच होती.

आमच्या वाचकांपुढे या व्यवस्थेचे स्वरूप मांडण्यास पंढरपूरचा दाखला उपयोगी पडेल. दु:खाची किंवा पावित्र्याची तुलना येथे अभिप्रेत नाही. फोनचे दुकान हे विठ्ठलाचे राऊळ नव्हे, आणि ॲप नाकारले गेलेल्या कारागिराची व्यथा ही शतकानुशतके दाराबाहेर ठेवलेल्या माणसांच्या व्यथेजवळ नेण्याची आमची छाती नाही. तुलना आहे ती केवळ कारभाराची. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरीचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले झाले. महाराष्ट्राने त्या दिवशी अश्रू ढाळले आणि ते योग्यच झाले. परंतु आत गेल्यावर दक्षिणा कोणाच्या हाती पडते, पूजेचा हक्क कोणाचा, मंदिराचे उत्पन्न कोणी सांभाळावे, हे प्रश्न त्या दिवशी सुटले नव्हते. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क रद्द करणारा कायदा १९७३ मध्ये झाला आणि त्यावरील न्यायालयीन वाद सर्वोच्च न्यायालयात जानेवारी २०१४ मध्ये संपला. दार उघडणे आणि कारभार उघडणे यांमध्ये ६६ वर्षे गेली.

२००८ चा जयघोष दार उघडल्याचा होता, आणि कारभाराचा प्रश्न ज्यांनी विचारला ते तेव्हा रसभंग करणारे ठरले. आता तो प्रश्न न्यायासनांपुढे आला आहे. युरोपीय संघातील कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तेथे आयफोनवर दुसऱ्यांची दुकाने मांडण्यास कंपनीला परवानगी द्यावी लागली. आपल्याकडेही भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये, ॲपच्या दुकानात स्वत:चीच वसुलीची पद्धत लादल्याबद्दल, गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. २०२५ मध्ये अपिलात तो बराच कमी झाला. तेव्हा निषेधकांचे भाकीत खरे ठरले, असे म्हणून आम्हांस लेखणी ठेवता आली असती.

तथापि येथेच आमचा त्यांच्याशी मतभेद आहे. ही सर्व चर्चा दोन माणसांना समोर ठेवून झाली. एक होता नफा शोधणारा कारागीर, दुसरा आपल्या यंत्रावर स्वामित्व मागणारा ग्राहक. दोघेही इंग्रजीत लिहिणारे. ज्याच्या भाषेचा कीबोर्ड कंपनीच्या विचारातही नाही, असा तिसरा माणूस त्या चर्चेत कोठेच आढळत नाही. आयफोन भारतात २२ ऑगस्ट २००८ रोजी आला, ८ जीबीच्या फोनला ३१,००० रुपये किंमत होती, आणि आपल्या वृत्तपत्रांतील चर्चा बव्हंशी त्या किमतीतच अडकली.

या तिसऱ्या माणसाच्या दृष्टीने बाहेरच्या कारागिराला प्रवेश मिळणे ही चैनीची बाब नसते. कंपनी बाजार पाहून भाषा निवडते. तिला दोष द्यावा असेही नाही, व्यापाऱ्याने व्यापार करावयाचाच. पण मग लहान भाषेचे काम भाषा जाणणारा कोणी बाहेरचाच करणार, आणि त्याला जितक्या खोलवर येऊ द्याल तितकेच ते होणार. कीबोर्ड ही फोनच्या अगदी आतल्या दालनातील वस्तू. अँड्रॉइडने एप्रिल २००९ मध्येच बाहेरचे कीबोर्ड आत घेतले. ॲपलने ते सप्टेंबर २०१४ पर्यंत, आठव्या आवृत्तीपर्यंत, घेतले नाहीत. ज्या दाराच्या उघडण्याचा २००८ मध्ये एवढा उत्सव झाला, ते मराठी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने आणखी सहा वर्षे बंदच होते. कंपनीचा स्वत:चा मराठी कीबोर्डही त्याच आवृत्तीत आला.

मधल्या काळात काय घडू शकत होते, याचा पुरावा मुंबईत आहे. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ नावाचा कीबोर्ड तयार केला आणि २०१३ मध्ये तो अँड्रॉइडवर लोकांच्या हाती दिला. पुढे तो इतर अनेक भारतीय भाषांतही झाला, आमच्या कोंकणी वाचकांसाठीही. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. इंग्रजी टंकयंत्राच्या बटणांवर मराठी अक्षरे कशीबशी बसविण्याचा नाद त्यांनी सोडून दिला. पडद्यावर वर्णमाला मांडली आहे; ‘क’ वर बोट ठेवले की त्याभोवती चक्र उमटते आणि त्यात का, कि, की, कु असे बाराखडीचे सोबती दिसतात; बोट तिकडे सरकविले की अक्षर पुरे. ज्याने पाटीवर बाराखडी गिरविली आहे त्याला हे वेगळे शिकावे लागत नाही. असे चक्र दूरदेशीच्या कार्यालयात कोणाला सुचले असते, असे आम्हांस वाटत नाही, कारण तेथे बाराखडी कोणी म्हटलेली नसते. वेगाने लिहिणाऱ्या सराईतांना हे चक्र संथ वाटते, ही तक्रार रास्त आहे. पण ते सराईतांसाठी केलेलेच नव्हते.

आणि हे झाले मराठीचे, कोट्यवधी लोकांच्या भाषेचे. आदिलाबादमधील गोंडीची कथा याहून अवघड आहे. जैनथ येथे परमार जगद्देवाच्या काळचा संस्कृत शिलालेख आहे, नागरी अक्षरांत कोरलेला. म्हणजे या मातीत नागरी आठशे वर्षांहून जुनी. १९४०च्या दशकात फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी मार्लावाई येथे गोंड मुलांसाठी शिक्षणाचे काम उभे केले, तेव्हा गोंडीची पुस्तके देवनागरीतच छापली गेली. मराठी वाचकाला याचा अभिमान वाटेल. पण गोंडीची स्वत:ची अक्षरे याच जिल्ह्यात होती. नारनूर मंडळातील गुंजाळा या गावी जुन्या हस्तलिखितांतून ती सापडली, जयधीर तिरुमल राव आणि हैदराबाद विद्यापीठातील मंडळींनी ती जगापुढे आणली, अंशुमन पांडे यांनी त्यांचा प्रस्ताव मांडला, आणि जून २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत ‘गुंजाळा गोंडी’ या नावाने त्या लिपीला ६३ चिन्हांचे घर मिळाले.

युनिकोडमध्ये जागा मिळाली म्हणजे फोनवर अक्षर उमटले, असे होत नाही. फॉन्ट लागतो आणि कीबोर्ड लागतो. ॲपलने बाहेरचे फॉन्ट आत घेतले ते २०१९ मध्ये, तेराव्या आवृत्तीत, आणि तेही ज्या ॲपने त्यांची सोय केली असेल त्यापुरतेच. फोनची स्वत:ची अक्षरे कंपनीच्याच हाती राहिली. येथे पुन्हा तेच दालन, तीच किल्ली.

गुंजाळाच्या लिपीची एक खूण सांगावीशी वाटते. तिची व्यंजनमाला क, ख, ग अशी सुरू होत नाही. ती य, व, ब, भ, म अशी सुरू होते आणि क त्यानंतर येतो. युनिकोडने संकेत देताना हाच परंपरेचा क्रम राखला आहे, आणि त्यासाठी त्या समितीचे जाहीर कौतुक केले पाहिजे. तिच्यापुढे प्रस्ताव कोणीही मांडू शकतो आणि त्यावरील कागद सर्वांना वाचता येतात. आता उटनूरच्या एखाद्या गोंड मुलाने या क्रमाचा कीबोर्ड आयफोनसाठी करावयाचे मनात आणले, तर त्याने दरवर्षी ९९ डॉलर भरावयाचे, ॲप पाठवावयाचे आणि परीक्षकाच्या उत्तराची वाट पाहावयाची. नकार आला, तर तो त्याच कंपनीकडे दाद मागू शकतो. युरोपात त्याला निदान दुसऱ्या दुकानाचे दार ठोठावता आले असते. परीक्षकाने आयुष्यात कधी य पासून सुरू होणारी अक्षरमाला पाहिलेली नसणार.