समान नियम, असमान भार : ‘नितिशा’ निकाल आणि ऊसतोड महिला

नियम सर्वांना सारखा असला की न्याय झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. लेफ्टनंट कर्नल नितिशा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २५ मार्च २०२१ रोजी ही समजूत अमान्य केली. सैन्यातील कायम नियुक्तीसाठी पुरुषांची शारीरिक पात्रता सेवेच्या आरंभीच्या वर्षांत तपासली गेली होती. महिलांना तोच निकष अनेक वर्षांनी, वाढत्या वयात लावण्यात आला. हेतू भेदभावाचा नसला तरी परिणाम तसा असेल तर तो अप्रत्यक्ष भेदभावच होय, असे न्यायालयाने म्हटले.

१९८१ च्या एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा निकालाशी तुलना केल्यास या भूमिकेचे महत्त्व लक्षात येते. पहिल्या गर्भारपणी सेवा संपविण्याचा नियम तेथे रद्द झाला खरा. परंतु हवाई सुंदरींचा संवर्गच वेगळा मानल्याने पुरुष कर्मचाऱ्यांशी तुलनेचा मार्ग बंद झाला.

तथापि ‘नितिशा’ निकालाच्या मर्यादाही आहेत. त्याचा आधार संविधानाची १४ व १५ ही कलमे असून त्यांचा रोख प्रामुख्याने राज्यसंस्थेकडे आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात अप्रत्यक्ष भेदभावाची व्याख्या असून खासगी मालकाविरुद्धही रोजगार न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. आपल्या वेतन संहिता, २०१९ मध्ये लिंगभेदास मनाई आहे, पण अशी व्याख्या नाही.

कोपरगावसारख्या साखरपट्ट्यात ही उणीव ठळकपणे जाणवते. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे बहुधा पती-पत्नीची जोडी. उचल जोडीवर मिळते. व्यवहार मुकादम आणि पुरुष यांच्यात ठरतो. कामावर न आल्यास खाडा कापला जातो. नियम दोघांना एकच. परंतु पाळी, गर्भारपण आणि बाळंतपण यांमुळे त्याचा भार स्त्रीवर अधिक पडतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीपुढे आला, तेव्हा या भाराचे गांभीर्य उघड झाले.

परिणाम सिद्ध करण्यास नोंदी लागतात. लष्करी अधिकाऱ्यांच्या सेवेच्या नोंदी होत्या. जोडीच्या हिशेबात स्त्रीची मजुरी स्वतंत्र दिसतच नाही. म्हणून कायद्यात व्याख्या यावी हे जितके खरे, तितकेच हजेरीपटावर तिचे स्वतंत्र नाव आणि मजुरी यावी हेही खरे. त्याशिवाय ‘नितिशा’चे तत्त्व उसाच्या फडापर्यंत पोहोचणार नाही.