बांधलेल्याने बोलायचे नाही

नागभीडच्या ज्या शाळेत आम्ही शिकवतो, तिथे मधल्या सुट्टीत मुलांनी एक नवा खेळ काढला. एकाने सायकल धरायची, दुसऱ्याला पुढच्या हँडलला ओढणीने बांधायचे आणि मैदानाला फेरी मारायची. सायकल धरणारा तो 'रोनी'. आम्ही जवळ गेलो तेव्हा बांधलेला मुलगा, वर्गातला सर्वांत लहान चणीचा, गप्प उभा होता. "काय रे, दुखतंय का?" म्हणून विचारले तर उत्तर दुसऱ्यानेच दिले, "सर, बंधे हुए को बोलना नहीं है. खेल का रूल है."

खेळ कुठून आला ते विचारण्याची गरज नव्हती. 2025 च्या सप्टेंबरात 'बागी 4' आला आणि त्या निमित्ताने मुलांनी मोबाइलवर आधीचे भागही पाहून काढले. बांधण्याचा प्रसंग 'बागी 2' मधला. हा सिनेमा 30 मार्च 2018 ला लागला आणि पहिल्याच दिवशी त्याने पंचवीस कोटींच्या वर गल्ला जमवला. तेव्हा आम्ही त्याकडे 'मारामारीचा सिनेमा' म्हणून दुर्लक्ष केले होते. आता मुलांमुळे तो नीट पाहावा लागला, आणि पाहिल्यावर त्याविषयी लिहिणेही भाग पडले.

आधी त्याच्या जमेच्या बाजू सांगू. साजिद नाडियादवाला यांची निर्मिती आणि नृत्यदिग्दर्शक म्हणून नाव कमावलेल्या अहमद खान यांचे दिग्दर्शन. 2016 च्या पहिल्या 'बागी'शी या कथेचा संबंध नाही. पुढे चालू राहिला तो फक्त टायगर श्रॉफ, त्याचे 'रोनी' हे नाव आणि त्याचे लवचीक, घडवलेले शरीर. आमच्या झाडीपट्टीत टायगर म्हटले की लोक आधी दाराची कडी लावतात. तरी या टायगरची मेहनत नाकारता येत नाही. त्याची उडी, गिरकी, हवेतली लाथ यांत कसरतीची आणि नृत्याची शिस्त आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला त्याचे वेड लागावे यात नवल नाही.

कथेचा गाभाही चांगला आहे. तो 2016 च्या 'क्षणम' या तेलुगू चित्रपटातून घेतलेला आहे. लष्करात गेलेल्या रोनीला त्याची जुनी प्रेयसी नेहा चार वर्षांनी फोन करते. माझी लहान मुलगी पळवली, कोणी माझे ऐकत नाही, तू ये. रोनी गोव्यात येतो. पोलीस म्हणतात, हिला मुलगी नाहीच. नवराही तेच म्हणतो. हळूहळू रोनीलाही शंका येते, तो तसे तिला बोलून दाखवतो आणि नेहा त्याच्या डोळ्यांदेखत जीव देते. मग कळते की ती खरे बोलत होती.

हा या चित्रपटाचा सर्वांत मोठा क्षण आहे. एका बाईचे जगाने ऐकले नाही, आणि ज्याच्यावर तिचा शेवटचा भरवसा होता त्यानेही ऐकले नाही. इथून खरी शोकांतिका सुरू व्हायला हवी होती. रोनीने स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा होता: मी वर्दीवर विश्वास ठेवला आणि तिच्यावर का नाही ठेवला? पण हा प्रश्न विचारायला चित्रपटाकडे वेळ नाही. नेहा गेली की रोनीच्या अंगात सूड संचारतो. मग जंगल, मशीनगन, हेलिकॉप्टर, उघडी छाती आणि मोजता येणार नाहीत इतकी प्रेते. आमच्या मते हा सूड गुन्हेगारांवर उगवलेला कमी आणि स्वतःच्या अपराधावर टाकलेला पडदा जास्त आहे. ज्याने ऐकायला हवे होते तो आता गोळ्यांचा इतका आवाज करतो की कोणाला काही ऐकूच येऊ नये.

आता मुलांच्या खेळातला प्रसंग. चित्रपटाच्या सुरुवातीला रोनी काश्मीरमध्ये एका माणसाला जीपच्या पुढे बांधून आणतो. वरिष्ठ अधिकारी जाब विचारतो. याने तिरंग्याचा अपमान केला, असा खुलासा रोनी देतो आणि प्रकरण तिथेच मिटते. बांधलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही. त्याला नाव नाही, संवाद नाही.

हा प्रसंग लेखकाच्या कल्पनेतला नव्हे. 9 एप्रिल 2017 रोजी श्रीनगरच्या पोटनिवडणुकीच्या दिवशी बडगाम जिल्ह्यात शालीवर भरतकाम करणाऱ्या एका कारागिराला लष्कराच्या जीपपुढे बांधून गावागावांतून फिरवले होते. त्याला बांधले म्हणून दगडफेक थांबली आणि पुढचे रक्त टळले, असे लष्कराच्या बाजूने सांगण्यात आले. हे म्हणणेही लक्षात घ्यायला हवे. पण त्या माणसाचेही एक म्हणणे होते. मी मत देऊन आलो होतो, नातेवाइकांकडे दुःखाला निघालो होतो, असे तो सांगत राहिला. त्याच वर्षी जुलैमध्ये जम्मू-काश्मीरच्या राज्य मानवी हक्क आयोगाने त्याला दहा लाख रुपये भरपाई द्यावी अशी शिफारस केली. राज्य सरकारने ती मानली नाही. चित्रपटाने या घटनेतली जीप घेतली, दोरी घेतली, माणूस घेतला आणि त्याचे म्हणणे तेवढे गाळले. वर ध्वजाच्या अपमानाचा आरोप चिकटवला. म्हणजे प्रेक्षकाला टाळी वाजवताना अडखळायला नको.

याच चित्रपटात दुसरी मुस्लीम व्यक्तिरेखा आहे ती दीपक डोब्रियाल यांनी रंगवलेल्या उस्मान लंगड्याची. गाड्यांचा धंदा करणारा, लंगडणारा, नायकाच्या मदतीला येणारा. माणूस भला आहे आणि डोब्रियाल गुणी नट आहेत. पण नावातच व्यंग जोडलेला हा उस्मान हसवण्यापुरता बोलतो. एक बांधलेला आणि एक लंगडा, एवढीच या पडद्यावर आमची हजेरी. इथे 1973 चा 'जंजीर' आठवतो. तोही सूडाचाच सिनेमा, सलीम-जावेद यांनी लिहिलेला. त्यातला प्राण यांचा शेरखान जुगाराचा अड्डा चालवतो, म्हणजे काही संत नाही. पण तो नायकाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलतो, वर्दी उतरवून माझ्या मोहल्ल्यात ये म्हणतो, बरोबरीने लढतो आणि मग दोस्त होतो. त्याची दोस्ती ऐकून घेण्यातून आलेली आहे, उपकारातून नव्हे.

कोणी म्हणेल, मारामारीच्या सिनेमाकडून एवढी अपेक्षा कशाला? त्याला उत्तर म्हणून अमेरिकन दिग्दर्शक क्वेंटिन टॅरंटिनो यांच्या 'किल बिल'चे उदाहरण देतो. 2003 च्या पहिल्या भागात नायिका तलवारीने रक्ताचे पाट वाहवते. 2004 च्या दुसऱ्या भागात मात्र वेग मुद्दाम मंदावला आहे. जिच्यावर अन्याय झाला तिचा सूडाचा हक्क तिच्या शत्रूंपैकी एक जण स्वतःच मान्य करतो. शेवटी ती बिलला गाठते तेव्हा तिथे तिची हरवलेली मुलगी भेटते. दोघे समोरासमोर बसतात, बोलतात, ऐकतात. आणि प्रत्यक्ष झुंज काही क्षणांत, बसल्या जागीच संपते. दुसऱ्या दिवशी ही जिंकलेली बाई न्हाणीघराच्या फरशीवर पडून रडते आहे. सूड पुरा झाला, तरी त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागली, हे त्या रडण्यात आहे. सिनेमा तोही शैलीबाज, तोही मारामारीचाच. पण मारण्याआधी ऐकावे लागते, एवढे त्याला ठाऊक आहे. झाडीपट्टीच्या नाटकातसुद्धा पहाटेपर्यंत बसलेल्या गावकऱ्यांपुढे खलनायकाला आपले म्हणणे मांडायला एखादा प्रवेश मिळतोच.

आपल्याकडे 'किसास' हा शब्द पुष्कळदा सूडाच्या अर्थाने वापरला जातो. तो अर्थ अपुरा आहे. किसासचा आदेश देणाऱ्या आयतीतच माफीची वाट मोकळी ठेवलेली आहे. बदल्याला माप लावणे, एकाच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्याला न धरणे आणि शिक्षेआधी गुन्हा शाबीत होणे, हे त्यात गृहीत आहे. म्हणजे तिथेही आधी ऐकणे आलेच. या मापाने पाहिले तर रोनीचा सूड बेहिशेबी ठरतो आणि जीपवरची शिक्षा तर सुनावणीशिवायची.

पण सगळा दोष मुंबईवर टाकून आम्हांला मोकळे होता येणार नाही. हा सिनेमा आमच्याच घरांत, आमच्याच मोबाइलवर, आमच्याच टाळ्यांत चालला. जीपचा प्रसंग आला तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी मुलांशी त्याविषयी चार शब्द बोलले? आणि आपल्या घरात, जमातीत, एखादी बाई काही सांगू लागली की पहिली शंका आपण कोणावर घेतो? नेहाचे न ऐकणारे लोक केवळ गोव्यात राहत नाहीत.

आम्ही खेळ बंद केला नाही. बंद केला असता तर तो शाळेच्या भिंतीमागे गेला असता. नियम तेवढा बदलला: फेरी सुरू होण्याआधी बांधलेल्याने आपण कोण आणि कुठे निघालो होतो ते सांगायचे. पहिल्या दिवशी तो लहानगा बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, मैं अम्मी की गोली लाने जा रहा था." सायकल धरणारा मुलगा थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने ओढणी सोडली आणि विचारले, "गोली मिली क्या?"