दुसरी भाषा, पण कोणाची दुसरी?

शाळेत स्वतःच्या भाषेखेरीज दुसरी भाषा सक्तीची असावी का, हा आजचा प्रश्न. विषय ऐकल्याबरोबर तुमच्यापैकी बहुतेकांना २०२५ सालचा हिंदीचा वाद आठवला असेल. सुरुवात तिथूनच करू, पण तिथे थांबायचं नाही.

आधी घटनाक्रम नीट लावू. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. मराठी शाळेतल्या मुलाला हिंदी भेटायची ती पाचवीत. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून अनिवार्य केली. विरोध झाला, सरकारच्याच भाषा सल्लागार समितीने तो निर्णय मागे घ्या म्हणून सांगितलं. १७ जूनला सुधारित निर्णय आला. ‘अनिवार्य’ गेलं, ‘सर्वसाधारणपणे’ आलं. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याचं जाहीर झालं. ५ जुलैला वरळीत विजयी मेळावा झाला.

कोण जिंकलं, हा आमचा विषय नाही. दोन्ही बाजूंनी जे युक्तिवाद केले, ते टिकतात का, एवढंच बघायचं आहे.

सरकारी बाजूचा मुख्य युक्तिवाद असा: लहान मुलं भाषा पटकन शिकतात, म्हणून लवकर शिकवा. ऐकायला बरोबर वाटतं. पण यात ‘शिकणं’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला आहे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या चाळीत बघा. ओडिशाचं पोर, बिहारचं पोर आणि आपलं मराठी पोर एकत्र खेळतात, आणि वर्षभरात तिघंही एकमेकांशी हिंदीत भांडायला लागतात. हे भाषा शिकणं खरं. पण ते खेळातून, गरजेतून आलं. त्यावरून ‘म्हणून पहिलीच्या वेळापत्रकात हिंदीचा तास हवा’ हे सिद्ध होत नाही. उलट कोणी विचारेल, अंगणात फुकट मिळतं ते फळ्यावर कशाला?

सुधारित निर्णयातली पर्यायाची अटही तपासा. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा घेता येईल, पण त्या इयत्तेत किमान २० मुलांनी ती मागितली पाहिजे. आता आपल्याकडच्या पाड्यावरची शाळा डोळ्यांसमोर आणा. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. साठ मुलं पाच इयत्तांत वाटली तर एका इयत्तेत साधारण बारा. बारांतले वीस कुठून आणायचे? म्हणजे मोठ्या शहरी शाळेला पर्याय, आणि पाड्याला ‘सर्वसाधारणपणे’. शिवाय दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळणार, त्यात तिसरी भाषा कोण शिकवणार? हे गणित निर्णय लिहिणाऱ्याला चौथीच्या मुलानेही करून दाखवलं असतं.

आता आपली बाजू. आपली म्हणजे मराठीच्या बाजूने बोलणाऱ्यांची. त्यात आम्हीही आलो. आपण दोन गोष्टी म्हणालो. एक, लहान मुलावर ओझं नको. दोन, सक्ती नको.

पहिलीबद्दल: ओझंच जर नको, तर पहिलीतल्या इंग्रजीचं काय? पंचवीस वर्षं ते ओझं आपण कौतुकाने उचलतो आहोत. म्हणजे आपला खरा आक्षेप वजनाला नव्हता. दुसरीबद्दल: महाराष्ट्राने २०२० साली कायदा केला, सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची. तो कायदा आम्हाला मान्य आहे. मग ‘सक्ती म्हणून वाईट’ असं आपल्याला म्हणता येत नाही. म्हणायचं तर हे सांगावं लागतं की कोणती सक्ती न्याय्य आणि कोणती नाही.

आणि इथे वाणगाव आपल्याला गप्प करतं. स्टेशनच्या बाजारात मिरचीच्या पोत्यांमागे बसलेली माणसं आपसात काय बोलतात, ते ऐका. आपल्या डहाणू तालुक्यात शाळेत येणाऱ्या कितीतरी मुलांची घरची भाषा वारली आहे. त्या मुलाला पहिल्या दिवशी मराठी भेटते ती दुसरी भाषा म्हणून. इंग्रजी ही त्याची तिसरी. पहिलीपासून हिंदी आली असती, तर ती चौथी. कागदावर मात्र तो ‘मराठी माध्यमाचा, प्रथम भाषा मराठी’. म्हणजे ‘दुसरी भाषा सक्तीची असावी का’ या प्रश्नाचं उत्तर या मुलासाठी आपण कधीच देऊन टाकलं आहे, त्याला न विचारता, आणि ती सक्ती आहे हेही न ओळखता.

वारली ही मराठीचीच बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद पंडितांना करू द्या. मुलाला त्याने फरक पडत नाही. कणसरी म्हणजे कोण, हे त्याला ठाऊक आहे, बाईंना नाही. ‘धान्य’ बाईंना ठाऊक आहे, त्याला नाही. मधे कोणी पूल बांधला नाही तर ते मूल गप्प बसतं. आम्ही कॉलेजात शिकवलं. अशी गप्प बसणारी मुलं आमच्याही वर्गात होती, आणि आम्ही त्यांना ‘लाजाळू’ म्हणून मोकळे होत असू. ती लाज नव्हती, हे कळायला आम्हाला निवृत्ती यावी लागली.

मग सक्तीची कसोटी कोणती? मिलचं स्वातंत्र्याचं तत्त्व पुष्कळ जण सांगतात, पण त्यानेच १८५९ साली ते मुलांना लागू नाही असं लिहिलं. मुलाला शिकायला लावणं हा अन्याय नाही. पण मुलाला नकार देता येत नाही, म्हणूनच सक्ती करणाऱ्यावर जबाबदारी जास्त. आम्ही तीन अटी सुचवतो. ती भाषा मुलाला तो राहतो त्या समाजात बरोबरीने उभं करते का? शाळेने आधी त्याची भाषा ओळखली आहे का? आणि ती शिकवायला माणूस आहे का?

मराठी पहिल्या अटीत पास होते. पंचायत, तहसील, दवाखाना, सातबारा, सगळं मराठीत आहे. ती न देणं म्हणजे मुलाला दाराबाहेर ठेवणं. बोईसरच्या भोजपुरी मुलालाही हेच लागू. पण दुसऱ्या अटीत आपली शाळा नापास होते. संविधानाचा अनुच्छेद ३५०क १९५६ पासून सांगतो, की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय असावी. पहिलीतली हिंदी इथे तिन्ही अटींत अडखळते. पाचवीतल्या हिंदीला आमची हरकत नाही.

कोणी म्हणेल, हे सगळं बोलायला सोपं, करायला अशक्य. तर इथून कोसबाडची टेकडी किती लांब आहे? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत सुरू केलेलं काम पुढे त्या टेकडीवर गेलं. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात, गुरं चारतो त्या कुरणात न्या, हा त्यांचा विचार. आणि तिकडे ऑस्ट्रियात तत्त्वज्ञ विटगेनश्टाइन खेड्यात प्राथमिक शिक्षक होता. १९२६ साली त्याचा शाळकरी मुलांसाठीचा छोटा शब्दकोश छापला गेला, आणि त्यात मुलांच्या बोलीतले शब्दही घेतले होते. दोघांचीही वाट एकच: मूल उभं आहे तिथून सुरुवात.

म्हणून आमचं उत्तर असं. दुसरी भाषा सक्तीची असावी, हो. पण पहिली सक्ती शाळेवर हवी, मुलाची भाषा जाणण्याची. पाड्यावर नेमणूक होणाऱ्या शिक्षकाला वारली ऐकून समजली पाहिजे. आणि एक पुढची गोष्ट: वाणगावात, पालघरात ज्यांच्या घरी मराठी आहे, त्या मुलांनी वर्गातल्या शेजाऱ्याची थोडी वारली का शिकू नये? ज्या दिवशी बाकावरची दोन्ही मुलं एकमेकांची भाषा शिकत असतील, त्या दिवशी ‘लादली’ हा शब्द आपल्याला हक्काने वापरता येईल. तोवर तो वापरताना थोडं खाली बघावं लागेल, आम्हालाही.

आता प्रश्न विचारा. आणि ज्यांना वारली येते, त्यांनी आधी विचारा, त्यांच्या भाषेत.