स्कॅन झालं, पण सापडणार कसं?

"पीएचडीचा विषय काय?" असं कुणी विचारलं की मी हल्ली लांबलचक उत्तर देत नाही. "जुनी कागदपत्रं, पोथ्या, वस्तू जपायला पैसे कोण देतं आणि नेमकं कशासाठी देतं," एवढंच सांगते. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग देतं का कुणी?"

देतात. कंपन्या देतात, फाउंडेशन देतात, सरकारच्या योजना आहेत, परदेशी निधीही आहे. माझी तक्रार पैसे मिळत नाहीत ही नाहीच. पैसे ज्या कामांसाठी मिळतात त्या यादीत सगळ्यात गरजेचं काम बसत नाही, ही माझी तक्रार आहे. आजची पोस्ट त्याबद्दल.

आधी एक प्रसंग

फील्डवर्कच्या पहिल्या वर्षी मी खानदेशातल्या एका जुन्या वाचनालयात गेले होते. नाव सांगत नाही, कारण अशी वाचनालयं बरीच आहेत आणि दोष त्यांचा एकट्याचा नाही. भिंतीवर देणगीदाराच्या नावाची चकचकीत पाटी. कपाटात हार्ड डिस्क. स्कॅनिंगचा प्रकल्प पूर्ण झालेला, अहवालही गेलेला. डिस्क उघडली तर आत फोल्डरमागून फोल्डर, आणि प्रत्येक फाइलचं नाव म्हणजे कॅमेऱ्याने दिलेला नंबर. कोणतं पान कोणत्या पुस्तकाचं, कोणत्या सालचं, काही कळायला मार्ग नाही. मी अर्धा दिवस नुसती पानं सरकवत बसले.

शेवटी तिथले एक निवृत्त ग्रंथपाल जवळ आले. "काय शोधी ऱ्हायनी वं माय?" मी सांगितलं. ते आत गेले आणि एक लांबट वही घेऊन आले. वीस-पंचवीस वर्षांत स्वतःच्या हाताने केलेली यादी. मला हवं होतं ते पाच मिनिटांत सापडलं, आणि तेही डिस्कवर नाही, कपाटात.

ती वही कोणत्याही प्रकल्पात धरलेली नव्हती. तिचं स्कॅन झालेलं नव्हतं. काका आठवड्यातून दोनदा स्वतःच्या खर्चाने येत होते. प्रकल्प संपला तेव्हा कागदोपत्री सगळं "जतन" झालं होतं.

खानदेशातले तीन नमुने

पैसा कसा येतो यावर जतन कसं होतं हे ठरतं. हे समजून घ्यायला खानदेशाबाहेर जायची गरज नाही.

पहिला नमुना धुळ्याचा. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दफ्तरं गोळा केली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड छापले, एकूण २२. आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच गेले. त्यानंतर धुळ्याच्या लोकांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं आणि पुढे 'संशोधक' हे नियतकालिक काढलं. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देव या वकिलांनी रामदासी वाङ्मयाच्या पोथ्या जमवल्या, त्यातून समर्थ वाग्देवता मंदिर झालं. यामागे कुठलं मोठं फाउंडेशन नव्हतं. वर्गणी, देणग्या आणि नोकरी-वकिली सांभाळून यादी करणारी, नकला उतरवणारी माणसं होती. या नमुन्यात पैसा कमी आणि माणूस जास्त.

दुसरा नमुना अमळनेरचा. १९१६ मध्ये गिरणीमालक प्रतापशेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलं. इथला पैसा एका उद्योगपतीचा, पण तो माणसांवर खर्च झाला. अभ्यासकांनी येऊन राहावं, वाचावं, लिहावं यासाठी. साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी या संस्थेत अभ्यासक म्हणून, प्रताप हायस्कूलमधली शिक्षकी नंतरची. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखा तत्त्वज्ञ बंगालमधून तापीच्या खोऱ्यात आला तो त्यामुळेच. ग्रंथालय वाढलं कारण ते वाचणारे तिथे राहत होते.

तिसरा नमुना जळगावचा. जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ. गांधी रिसर्च फाउंडेशनची स्थापना २००७ ची, आणि २५ मार्च २०१२ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते गांधीतीर्थाचं उद्घाटन झालं. भवरलाल जैन यांनी हे मनापासून केलं यात शंका नाही. संग्रहालय पाहण्यासारखं आहे, आणि ज्या जिल्ह्यात १९३६ साली फैजपूरला खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन भरलं, तिथे ते असणंही योग्यच.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गांधींची कागदपत्रं डिजिटल केली की ती लगेच उपयोगी पडतात. का? कारण त्यामागचं किचकट काम आधीच झालेलं आहे. गांधींच्या समग्र वाङ्मयाचा पहिला इंग्रजी खंड १९५८ ला आला आणि शंभरावा १९९४ ला. साडेतीन दशकांहून जास्त काळ सरकारी पगारावरचे संपादक प्रत्येक पत्राची तारीख, ठिकाण, कुणाला लिहिलं, हे ठरवत बसले होते. मुख्य संपादक के. स्वामिनाथन यांची त्यात वर्षानुवर्षं गेली. त्या पायावर आज कुणीही स्कॅन ठेवलं तरी ते जागेवर बसतं.

खानदेशातल्या एखाद्या देशमुखाच्या दफ्तराला असे स्वामिनाथन कधी मिळाले नाहीत. तिथे नुसतं स्कॅन केलं तर हातात येते ती न वाचलेल्या कागदांची न वाचलेली चित्रं.

नियम काय म्हणतात

कंपनी कायदा २०१३ मधलं कलम १३५ बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. कोणती कामं चालतील याची यादी अनुसूची ७ मध्ये आहे. त्यात राष्ट्रीय वारसा, कला, संस्कृती यांचं रक्षण आणि सार्वजनिक ग्रंथालयं उभारणं हेही येतं. म्हणजे दार उघडं आहे. पण आत शिरलं की तीन उंबरे लागतात.

पहिला उंबरा: कंपनीने जिथे तिचं काम चालतं त्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो. ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण ज्या जिल्ह्यात मोठ्या कंपन्याच मोजक्या, तिथल्या कपाटांनी काय करायचं? धुळ्याचे कागद पुण्यात असते तर त्यांच्या "परिसरात" किती कंपन्या आल्या असत्या याचा विचार करा.

दुसरा उंबरा: चालू प्रकल्प म्हणजे, सुरू झाल्याचं वर्ष सोडून, जास्तीत जास्त तीन वर्षांचा. मोडी वाचायला शिकलेला माणूस तयार व्हायलाच यातला बराच काळ जातो. तो कामाला लागेपर्यंत प्रकल्पाचा समारोप येतो.

तिसरा उंबरा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. संस्थेच्या कायम ठेवीत टाकलेली रक्कम सीएसआर म्हणून धरता येत नाही, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे "ही रक्कम बँकेत ठेवा आणि व्याजातून एका माणसाचा पगार द्या" हे या पैशातून होऊ शकत नाही. त्यामागचं कारण समजतं: पैसा नुसता पडून राहू नये, लोकांपर्यंत पोचावा. पण परिणाम असा की प्रतापशेठांनी ज्या विचाराने पैसा लावला, माणसं वर्षानुवर्षं बसून काम करतील या विचाराने, तसा पैसा लावायचा सरळ रस्ता आजच्या सीएसआरमध्ये उरलेला नाही. उरतं काय? इमारत, स्कॅनर, कपाटं, उद्घाटन.

सरकारी बाजूला वेगळीच गंमत आहे. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ ला सुरू झालं. त्याच्या व्याख्येप्रमाणे पांडुलिपी म्हणजे किमान ७५ वर्षं जुनं, हाताने लिहिलेलं, ज्ञानदृष्ट्या मोलाचं लिखाण. छापील ग्रंथ त्यात येत नाहीत, आणि फर्मानं, महसुली कागद यांसारखी ऐतिहासिक दफ्तरंही येत नाहीत. म्हणजे एकाच गावातल्या दोन कपाटांपैकी पोथ्यांचं कपाट व्याख्येत बसतं आणि मोडी दफ्तराचं कपाट बाहेर राहतं. राजवाड्यांनी ज्या कागदांसाठी आयुष्य घालवलं त्यांतला मोठा भाग या व्याख्येत "पांडुलिपी" ठरत नाही! २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञानभारतम् मिशनची घोषणा झाली, एक कोटीहून जास्त पांडुलिपींचं उद्दिष्ट आहे. पण उद्दिष्ट आकड्यात आलं की मोजणी पांडुलिपींची होणार. वाचल्या किती गेल्या, हे कोण मोजणार?

त्यात आणखी एक उलटी गोष्ट सांगते. जुना हातकागद आणि काजळीची शाई ही जोडी भक्कम असते. कसर आणि वाळवीपासून वाचवलं तर अठराव्या शतकातलं मोडी पत्र आजही ठणठणीत निघतं. खरा धोका आहे तो गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतल्या गिरणीच्या कागदाला. लाकडाच्या लगद्याच्या त्या कागदातच आम्ल असतं, ते आतून कागद खातं. त्यावर आमच्याकडचा ४५ अंशांचा मे महिना आणि लगेच मागून येणारा दमट जुलै. जुनी मासिकं, स्थानिक वर्तमानपत्रं, संस्थांचे अहवाल यांचे कोपरे हातात तुटून येतात. पण "दुर्मीळ हस्तलिखित" म्हटलं की देणगीदार ऐकतो. १९३५ सालच्या साप्ताहिकासाठी कोण ऐकणार?

देणाऱ्याची बाजू

इथे थांबले तर ही पोस्ट एकतर्फी होईल. देणाऱ्यांशी बोलताना एक मुद्दा वारंवार येतो: पगारासाठी पैसे दिले की काम दिसत नाही. इमारत दिसते, स्कॅन मोजता येतात, यादी कशी मोजायची? त्यांचा दुसरा मुद्दा जास्त बोचरा आहे. काही संस्था कपाटाची किल्ली कुणालाच देत नाहीत. अशा ठिकाणी कायमचा पैसा देणं म्हणजे कुलपाला पगार देणं. हे मी स्वतः अनुभवलंय, त्यामुळे नाही म्हणता येत नाही.

आणि आम्ही संशोधक? आम्ही येतो, मोबाइलने फोटो काढतो, प्रबंधात आभार मानतो आणि जातो. मी चार महिने बसून जे मोडी कागद लिप्यंतरित केले, त्याची एक प्रत त्या संस्थेला द्यावी हे मला सुचलं नाही. माझ्या गाइडनी विचारलं तेव्हा सुचलं. राजवाडे संशोधक होते आणि जतन करणारेही होते, ही दोन कामं त्यांच्या लेखी एकच होती. आपण ती वेगळी केली आणि दुसरं काम निविदेवर सोडून दिलं.

मग काय मागायचं?

माझं मागणं फार मोठं नाही. नियम बदलायला वेळ लागेल, पण आहे त्या नियमातही जागा आहे. तीन वर्षांच्या प्रकल्पात पहिलं वर्ष फक्त यादीसाठी ठेवा, स्कॅनर दुसऱ्या वर्षी आणा. यादी नसलेलं स्कॅन "पूर्ण" धरू नका. संस्थेतल्या जुन्या माणसाला सल्लागार म्हणून मानधन द्या आणि त्याच्या हाताखाली दोन तरुण पोरं बसवा. निधीच्या बदल्यात एक अट घाला: आठवड्यातले ठरावीक दिवस कपाट वाचकाला उघडं. ही अट पाटीवर कोरा, हवं तर देणगीदाराच्या नावाशेजारीच.

आणि कायम ठेवीसाठी कंपनीकडे बघायचं सोडून परत वर्गणीकडे वळावं लागेल. धुळ्याने ते एकदा करून दाखवलंय.

खानदेशाला हे नवीन नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते. ते आज वाचायला मिळतं कारण साने गुरुजी लिहून घेत होते. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी उतरवून ठेवली गेली म्हणून त्यांच्या मागे, १९५२ मध्ये, पुस्तक निघू शकलं. दोन्ही वेळा लागली ती एक वही आणि रोज बसणारा एक माणूस.

त्या काकांच्या वहीचे फोटो मी काढून ठेवलेत, त्यांच्या परवानगीने. सध्या रात्री बसून ती यादी टाइप करतेय. पूर्ण झाली की पहिली प्रत त्या वाचनालयाला. तुमच्या गावच्या वाचनालयात अशी वही असेल तर ती कुणाकडे आहे, एवढं तरी या आठवड्यात विचारून या.