उसने शब्द, आपला आवाज

परराष्ट्रकारण म्हटले की डोळ्यांपुढे वकिलाती, तहनामे आणि बंद गळ्याचे कोट उभे राहतात. परंतु परक्या देशाच्या सरकारला वगळून थेट तिथल्या घराघरांशी बोलावयाचे, हेही राजकारणच. नभोवाणीइतके लांब हात त्या कामी दुसऱ्या कोणत्या साधनाला क्वचितच लाभले असतील. त्या ध्वनिक्षेपकापुढे बसलेल्या मराठी माणसांत वेणू चितळे यांचे नाव आधी घ्यावयास हवे. आपण ते घेतो फार थोडे. आणि घेतलेच तर ‘जॉर्ज ऑर्वेलच्या सहकारी’ एवढ्यावर भागवतो. हा परिचय खोटा नाही, पण अपुरा आहे.

वेणूताईंचा जन्म १९१२ चा, कोल्हापूरकडचा. पुण्यामुंबईस शिकून त्या इंग्लंडला गेल्या आणि महायुद्धाच्या काळात बीबीसीच्या पूर्वविभागात दाखल झाल्या. ऑर्वेल तेथे १९४१ ते १९४३ या काळात कामाला होता. १९४२ सालच्या ‘व्हॉइस’ या काव्यविषयक कार्यक्रमाचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात टी. एस. एलियट आहे, मुल्कराज आनंद आहेत, जमैकाची ऊना मार्सन आहे, पुढे आकाशवाणीचे महासंचालक झालेले नारायण मेनन आहेत. आणि एका कडेला वेणूताई बसलेल्या आहेत. छायाचित्र पाहणारे एलियटवर थांबतात. आपण त्या कडेकडे पाहावे.

याच साली लंडनहून मराठी बातमीपत्र सुरू झाले. इंग्रजी मसुदा ऑर्वेलने लिहावयाचा, तो सरकारी तपासनिसाच्या नजरेखालून जावयाचा, मग मराठीत उतरावयाचा. आणि तो वाचणाऱ्यांत वेणूताई असावयाच्या. शब्द एकाचे, परवानगी दुसऱ्याची, आवाज तिसऱ्याचा! साल कोणते, तेही विसरता कामा नये. त्याच वर्षी सुभाषबाबूंचा आवाज जर्मनीतून आझाद हिंद रेडिओवर उमटला. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत पोलिसांना चकवीत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. आणि आमच्या विदर्भात चिमूर व आष्टी पेटली होती. अशा वेळी इंग्रजांच्या घरातून मराठीत बोलणाऱ्या बाईला काय म्हणावे?

उत्तर सोपे करून घेण्याचा मोह दोन्ही बाजूंनी होतो. ‘ती तर नोकरी होती’ म्हणून सोडून देणे सोपे. ‘साम्राज्याची चाकरी’ म्हणून निकालात काढणे त्याहून सोपे. पण याच वेणूताई लंडनमध्ये कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगमध्ये, म्हणजे हिंदी स्वातंत्र्याची बाजू इंग्रजांच्याच अंगणात मांडणाऱ्या संस्थेत, वावरत होत्या. हिटलर पडला पाहिजे आणि इंग्रज गेला पाहिजे, या दोन इच्छा एकाच मनात नांदू शकतात. त्या काळच्या कितीतरी विचारी माणसांच्या मनात त्या नांदत होत्या. फरक एवढाच, की वेणूताईंना पहिली इच्छा मोठ्याने बोलता येत होती आणि दुसरी ध्वनिक्षेपक बंद झाल्यावर.

त्या बातमीपत्रांचा प्रत्यक्ष परिणाम किती झाला? खुद्द ऑर्वेलने १९४३ मध्ये राजीनामा देताना, आपण स्वतःचा वेळ आणि जनतेचा पैसा वाया घालवीत आहो, असाच सूर लावला. आमच्या पारशिवनीसारख्या गावाचे सोडाच. नागपूरला स्वतःचे नभोवाणी केंद्र मिळाले तेच मुळी १६ जुलै १९४८ रोजी. लंडनचा तो मराठी स्वर ऐकावयास शॉर्टवेव्हचा संच हवा, तो घेण्याइतका पैसा हवा, आणि शत्रूच्या घरचे ऐकण्याइतके कुतूहलही हवे. असे श्रोते थोडेच असणार.

मला त्यांचे खरे यश निराळ्याच ठिकाणी दिसते. युद्धात इंग्लंडात मांस, लोणी, साखर सारे शिधापत्रिकेवर आले. ‘किचन फ्रंट’ हा कार्यक्रम तेथल्या गृहिणींना आहे त्यात भागवावे कसे, हे शिकवी. त्यात वेणूताईंनी शाकाहारी स्वयंपाकाविषयी सांगितले. गंमत पाहा! दीड शतक ज्यांनी आम्हांला कसे जगावे ते सांगितले, त्यांच्या चुलीपाशी उभी राहून एक मराठी बाई त्यांना मांसावाचून पोट कसे भरावे ते सांगते आहे. बातमीपत्रात शब्द उसने होते. येथे ज्ञान घरचे होते. म्हणून मुत्सद्देगिरीचा गंध नसलेले हे बोलणे मला अधिक मुत्सद्दी वाटते.

स्वातंत्र्यानंतर वेणूताई स्वदेशी परतल्या आणि १९५० साली त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी निघाली. इतकी वर्षे लंडनमध्ये काढूनही तिचा विषय लंडन नाही. दोन महायुद्धांच्या दरम्यान बदलत गेलेल्या एका पुणेरी ब्राह्मण एकत्र कुटुंबाच्या तीन पिढ्या तिच्यात आहेत. अखेर स्वतःचे शब्द बोलावयाची पाळी आली, तेव्हा त्या वाड्यात परत आल्या, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. मात्र येथेच एक तक्रारही नोंदवली पाहिजे. वाड्यातले सोवळेओवळे इंग्रजीत आणावयाचे म्हणजे ते समजावून सांगणे आले. आणि समजावणारा लेखक नकळत पुन्हा वकिलाच्या जागी जाऊन बसतो. मराठीत हाच वाडा त्यांना काही न समजावता उघडता आला असता. इंग्रजीमुळे त्यांना दूरचा वाचक मिळाला, आणि घरच्या वाचकाने त्यांना आपले म्हटले नाही. हा सौदा महाग पडला.

१९९५ साली वेणूताई गेल्या. २०१७ मध्ये बीबीसीने मराठी सेवा पुन्हा नव्याने सुरू केली. आता तिला शॉर्टवेव्ह लागत नाही, शेताच्या बांधावरही ती खिशातून ऐकू येते. आज परदेशातून आपल्याशी मराठीत बोलणारे आवाज पुष्कळ आहेत. अशा प्रत्येक आवाजाला विचारावयाचा प्रश्न वेणूताईंच्या आयुष्याने आपल्या हाती दिला आहे: बाई गे, बाबा रे, आवाज तर आपला आहे, शब्द कोणाचे?