ऐतिहासिक वास्तू आणि हॉटेलातील बारची अंतर्गत सजावट : 'हार्बर बार'च्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
ऐतिहासिक वास्तुशैलीचे अनुकरण हा तारांकित हॉटेलांच्या अंतर्गत सजावटीतील एक प्रमुख प्रवाह आहे. जुन्या वास्तूकडून नेमके काय घ्यावे, या प्रश्नाचा विचार मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातील 'हार्बर बार'च्या आधारे करता येतो.

विवेचन :
सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा यांनी आखलेली आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्णत्वास नेलेली ताजची वास्तू १९०३ मध्ये खुली झाली. तिचे मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूस होते. आज दर्शनी वाटणारी बंदराकडील बाजू मुळात पाठीमागची होय. १९२४ मध्ये जॉर्ज विटेट यांचे गेटवे ऑफ इंडिया समोर उभे राहिले आणि या बाजूस नवे महत्त्व आले. मुंबईतील पहिला परवानाधारक बार म्हणून ओळखला जाणारा हार्बर बार १९३३ मध्ये सुरू झाला. त्याचा मुख्य अलंकार भिंतीवर नसून खिडकीबाहेर आहे. येथे इतिहासाचा आकार उचललेला नाही; त्याच्याशी नाते जोडलेले आहे.

याउलट, शेजारच्या १९७३ च्या टॉवरवर कमानींची पुनरावृत्ती आढळते. तेथे भार काँक्रीटचा सांगाडा पेलतो. कमान केवळ शैलीची खूण उरते.

तथापि, हार्बर बारही दोषमुक्त नाही. गेटवे हे १९११ मधील पंचम जॉर्ज यांच्या आगमनाचे स्मारक. १९४८ मध्ये ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी याच कमानीतून परतली. सत्तेच्या आगमनाचा आणि निर्गमनाचा हा इतिहास काचेआडून पाहताना निव्वळ रम्य देखावा होतो.

निष्कर्ष :
अनुकृत रूप काही कार्य करते काय, हा अशा सजावटीचा खरा निकष ठरावा. मराठवाड्यातील वाड्याचा चौक घराला उजेड आणि वारा देत असे. ढेलज येणाऱ्याला थांबवीत आणि बसवीत असे. हे कार्य वगळून वातानुकूलित दालनात केवळ प्लास्टरच्या महिरपी उभारल्या, तर तो वारसा नव्हे, नेपथ्य होय. मूळ वाडे ढासळत असताना त्यांचे नेपथ्य सजावे, ही विसंगती वास्तुकलेइतकीच समाजाच्या इतिहासभानाची परीक्षा पाहणारी आहे.