जोडी सुटली की माइक खाली

गेल्या माघात लाखनी तालुक्यातल्या एका गावच्या शंकरपटाला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला, गेलो होतो. बांधावर शेजारी बसलेला पोरगा मोबाइलवर क्रिकेट बघत होता, मराठी समालोचन लावून, आवाज मोठा. समोर पटावरचा भोंगा. अर्ध्या तासात मोबाइलमधल्या माणसाने फलंदाजाकडून ‘धावा बनवून’ घेतल्या, गोलंदाजाकडून ‘दबाव बनवून’ घेतला आणि हरत आलेल्या संघाची ‘वापसी’ही उरकली. मराठीत धावा काढतात, करतात, जमवतात, चोरतातसुद्धा. बनवतात ती भाजी. तेवढ्याच वेळात पटावरच्या माइकवाल्याने आठ जोड्यांची गावे, मालक, धुरकरी (जोडी हाकणारे) आणि वेळ सांगून टाकली होती, आणि मधेच ‘त्या लेकराला खाली उतरवा बाप्पा, बैल बुजते’ हेही. घरी येईपर्यंत माझे डोके तापलेले होते. पोरावर नाही, त्याच्या मोबाइलवर.

मराठीत क्रिकेट बोलायला आपण काही काल शिकलो नाही. कुस्तीतला ‘चीत’ उचलून कोणीतरी त्रिफळ्याला जोडला, पायाला जोडला, धावेला जोडला, आणि त्रिफळाचीत, पायचीत, धावचीत असे शब्द झाले की ज्याला इंग्रजीचा गंध नाही त्या माणसालाही गडी पाठीवर पडल्याचे दिसावे. बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून सामना सांगत तेव्हा हे शब्द आमच्याकडे धानाच्या खळ्यापर्यंत पोचले. ऐकणाऱ्याला काहीच दिसत नव्हते, म्हणून सांगणाऱ्याला सगळे बघावे लागे. क्षेत्ररक्षक कुठे सरकला, वारा कुठून आहे, खेळपट्टीवर सावली कुठवर आली. टीव्ही आला आणि समालोचकाची ही जबाबदारी सुटली. माझे म्हणणे आहे की तिच्याबरोबर त्याचे डोळेही गेले.

आता जे चालते त्याचा हिशेब सरळ आहे. आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटींना गेले, 410 सामन्यांसाठी. म्हणजे एका सामन्याला 118 कोटी. इतके पैसे मोजून घेतलेल्या खेळात एक क्षण शांत राहणे परवडत नाही. डावात अडीच-अडीच मिनिटांच्या दोन विश्रांत्या, त्या जाहिरातींच्या. चेंडू पडण्याआधी बोलायचे, पडताना ओरडायचे, पडल्यावर तेच पुन्हा सांगायचे. मराठी ही 2023 पासून मोबाइलवरच्या डझनभर भाषांतली एक झाली, याचा आनंद मलाही झाला होता. त्याच वर्षी केदार जाधव मराठी समालोचनाच्या खोलीतून उठून बंगळुरूच्या संघात बदली खेळाडू म्हणून गेला. मला तेव्हा वाटले, आता तिथल्या बाकीच्यांनीही मैदान बघून यावे. भोजपुरीने त्या वर्षी बाजी मारली, कारण ती मंडळी आपल्या चौकात बसल्यासारखी बोलली. मराठीवाले हिंदीच्या मागून एक पाऊल टाकत चालले, आणि अजून चालताहेत.

इथे कोणी म्हणेल, भंडाऱ्याच्या माणसाने हिंदीवरून दगड मारू नयेत. बरोबर आहे. 1956 पर्यंत आम्ही मध्य प्रदेशात होतो, बालाघाट आमचे शेजारी, आणि ‘तो खेळून राहिला’ असे मी आजही म्हणतो. पण ‘खेळून राहिला’ हे वैनगंगेच्या काठावर शंभर वर्षे मुरलेले आहे. ‘धावा बनवल्या’ हे काल संध्याकाळी स्टुडिओत उतरवलेले आहे. पहिल्याला बोली म्हणतात. दुसऱ्याला घाई.

क्रिकेटचे सोडा, कबड्डीचे दुःख मोठे आहे. हा खेळ आमचा. 1936च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी तो तिथे करून दाखवला. जुलै 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा मी पहिल्या दिवसापासून टीव्हीसमोर होतो आणि त्या लीगने खेळाडूंच्या घरात जो पैसा नेला त्याला मी कधी नावे ठेवणार नाही. पवन सेहरावतवर 2023 मध्ये दोन कोटी साठ लाखांची बोली लागली, लागू दे. पुण्याचा संघ अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली दहाव्या हंगामात जिंकला, 2025च्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून 31-28 असा हरला. दोन्ही वेळा मी जेवणाचे ताट सोडून उठलो. पण हा सगळा खेळ ज्याच्यावर उभा, तो दम कुठे आहे? चढाई म्हणजे एका श्वासाचा व्यवहार. ‘कबड्डी कबड्डी’ ऐकू येते तोवर तो जिवंत, आवाज तुटला की मेला. गावच्या सामन्यात पंच कान लावून उभा असतो आणि प्रेक्षकांतली म्हातारीसुद्धा सांगते, ‘दम सुटला त्याचा’. टीव्हीवर त्या जागी 30 सेकंदांचे घड्याळ बसले, आणि उरलेला आवाज ढोल, बिगुल, संगीत आणि तीन समालोचकांच्या किंकाळ्यांखाली गाडला गेला. चढाई करणाऱ्याच्या ओठांची हालचाल दिसते, आवाज येत नाही. गाणाऱ्याचा आवाज बंद करून त्याच्या हातवाऱ्यांची तारीफ करावी, तसे हे. बरे, शब्द तरी ठेवावेत. ‘लोण’ हा केवढा भरदार शब्द! सातही गडी गारद झाले हे त्या एका अक्षर-जोडीत होते. त्याचे ‘ऑल आउट’ केले. कुणाच्या सोयीसाठी? बर्लिनच्या?

बाकी गोष्टी थोडक्यात. रणजी 2024-25 ची अंतिम लढत नागपूरजवळच्या जामठ्याला झाली, विदर्भ तिसऱ्यांदा विजेता ठरला, हर्ष दुबेने हंगामात 69 बळींचा विक्रम केला. मी ती थोडी हिंदी समालोचनात बघितली आणि उरलेली आवाज बंद करून. खो-खोच्या लीगमध्ये दिव्यांशिवाय काही दिसले नाही. बुद्धिबळाचे समालोचन मात्र आज सर्वात शहाणे आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला तेव्हा सांगणारे लोक पटावर नसलेल्या चाली दाखवत होते. न दिसणारे दाखवणे हेच तर काम.

आणि म्हणून पुन्हा पटाकडे येतो. तो पट बुद्धिबळाचा आणि हा बैलांचा, पण माणूस तेच करतो.

शंकरपट ज्यांनी पाहिला नाही त्यांना एवढे सांगतो की धाव मोजक्या सेकंदांची असते, आणि सुटण्याच्या टोकाला उभ्या माणसाला फक्त शेपट्या आणि धूळ दिसते. निकाल दुसऱ्या टोकाला लागतो. हजारो माणसांतल्या अर्ध्यांना माइकवाल्याशिवाय काहीच कळणार नाही. म्हणजे रेडिओचीच परिस्थिती, आणि म्हणून रेडिओचीच कला. तो जोडी जुंपली जात असताना बोलतो. हा डावा बैल कुणाकडून घेतला, मागच्या पटाला याने कुणाला मागे टाकले, धुरकरी कोण, त्याचा बाप कसा हाकायचा. मग झेंडी पडते आणि तो गप्प होतो. पूर्ण गप्प. भोंग्यातून फक्त वाऱ्याची खरखर, चाकांचा आवाज आणि लोकांचा हुंकार. जोडी रेषेपार गेली की एक आकडा, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. त्या आकड्यावर माणसे नाचतात किंवा मान खाली घालतात. विशेषण एकही नसते.

सर्वोच्च न्यायालयाच्या 7 मे 2014च्या निकालाने पट बंद झाले तेव्हा बैलांबरोबर ही माणसेही बेकार झाली, आणि पटाच्या रात्री होणारी झाडीपट्टीची नाटकेही. (बैलाला आरी टोचणाऱ्यांचे न्यायालयाने कान उपटले ते योग्यच झाले, अजूनही कुठे कुठे उपटावे लागतील.) डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणाऱ्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. सात वर्षांच्या खंडानंतर पट भरला तेव्हा मला धास्ती होती की माइकवर डीजे येईल. काही ठिकाणी आला. पण जिथे जुना माणूस आहे, तिथे जोडी सुटली की माइक अजून खालीच जातो.

माझे मित्र म्हणतात, निवृत्त खेळाडूला जे कळते ते गावच्या माइकवाल्याला काय कळणार. बाळ ज. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळले होते, तेव्हा खेळलेल्या माणसाविरुद्ध माझी तक्रार नाही. ते बोलायला शिकले होते, एवढाच फरक. आज बॅट ठेवली की दुसऱ्या महिन्यात माइक हातात. शिकायचे कुणी, कुणाकडून? माझे उत्तर आहे, आमच्याकडून. मराठी प्रक्षेपणाच्या लोकांनी एक हंगाम साकोली, लाखांदूर, पवनीच्या पटांवर आणि धान निघाल्यावर होणाऱ्या रात्रीच्या कबड्डी सामन्यांवर घालवावा, वह्या घेऊन.

दुसरा मुद्दा तेच मित्र नेहमी काढतात. तुमच्या पटाला प्रायोजक नाही, म्हणून तुमचा माणूस गप्प बसू शकतो. टीव्हीला जाहिराती वाचाव्या लागतात. हे म्हणणाऱ्याने पट पाहिलेला नाही. बियाण्याच्या दुकानापासून आमदारापर्यंत सगळ्यांची नावे तिथे वाचली जातात, कोणी किती रुपये दिले आणि ढाल कुणाच्या स्मरणार्थ यांसकट. फक्त ती वाचली जातात बैल जुंपत असताना.